मन आणि शरीरावर फिलॉसॉफीत पीएचडी, पुढे काय?

प्रश्न: ताई, मी फोंड्याची. मुलगी फिलॉसॉफीत एमए करतेय आणि आता म्हणते पीएचडी मन, भाषा आणि एम्बॉडिड कॉग्निशनवर करणार. घरात सगळे विचारतात, हे काम सायन्सवाल्यांचं ना, फिलॉसॉफीवाल्यांनी त्यात आयुष्यभर काय करायचं? मला तिला अडवायचं नाहीये, पण समजून तरी घ्यायचंय.

उत्तर: आधी विषय बघूया. मेंदू म्हणजे कॉम्प्युटर आणि शरीर नुसतं हुकूम पाळतं, असं बरेच दिवस धरून चालायचे, एम्बॉडिड कॉग्निशनवाले म्हणतात की विचार करण्यातच हात, डोळे, आजूबाजूच्या वस्तू सामील असतात. मर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1945 च्या पुस्तकात ऑर्गनवादकाचं उदाहरण दिलंय, अनोळखी ऑर्गनवर तासाभराच्या सरावात तो तयार होतो, पट्ट्यांच्या जागा पाठ करत बसत नाही. आपल्याकडे चवथीला दुसऱ्याच्या घरी आरतीला घुमट हे मातीचं वाद्य हातात घेणारा पोरगाही तसाच, दोन थापा मारून बघतो की सुरू! हे जाणणं नेमकं कुठे असतं, हा तुमच्या मुलीचा प्रश्न आहे.

आयुष्यभर काय करायचं म्हणाल तर इव्हान थॉम्पसन हा तत्त्वज्ञ बघा. त्याने 1991 ला व्हारेला हा जीवशास्त्रज्ञ आणि रॉश ही मानसशास्त्रज्ञ यांच्यासोबत ‘द एम्बॉडिड माइंड’ लिहिलं, त्यात नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाचा माध्यमिक, म्हणजे मध्यममार्गी, विचारही आलाय, मग रंग कसे दिसतात त्यावर पुस्तक, 2007 ला जीव आणि मन यावर जाडजूड ग्रंथ, पुढे झोप, स्वप्न, ध्यान. प्रश्न मात्र एकच धरून ठेवलाय.

आणि सायन्सवाल्यांचं म्हणाल तर हे ऐका. 2002 मध्ये ग्लेनबर्ग आणि कॅशाक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की ‘ड्रॉवर बंद कर’ असं वाक्य समजून घेऊन उत्तराचं बटण दाबायला हात पुढे न्यायचा असेल तर उत्तर लवकर येतं, मागे आणायचा असेल तर उशिरा. सगळीकडे हाच दाखला द्यायचे, नंतर बऱ्याच लॅबनी मिळून तोच प्रयोग परत केला तर परिणाम दिसलाच नाही. मग सगळा विचारच पडला का? भाषा कळायला शरीर लागतंच, हा एक दावा आणि शरीराची मदत होते हा वेगळा, आणि कुठल्या प्रयोगाने कुठला पडतो हे कोणीतरी नीट सोडवून सांगायला हवं ना, तेच फिलॉसॉफरचं काम. माझ्या मते ते फार गरजेचं आहे, कारण उत्साहात मोठमोठे दावे करणारे या विषयात खूप आहेत.

बाकी व्यवहाराचं म्हणजे तिला नेट-जेआरएफची परीक्षा देऊ दे, फेलोशिप मिळाली तर घरावर भार नाही, कॉलेजात शिकवायलाही नेट कामाला येते. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात चौकशी करा, आयआयटी कानपूर आणि गांधीनगरला कॉग्निटिव्ह सायन्स आहे, तेही बघा. गाईड मात्र नाव बघून निवडू नका, त्यांचे अलीकडचे पेपर तिने वाचलेले असू देत. आणि थोडं स्टॅटिस्टिक्स आत्ताच शिकायला सांगा, प्रयोगांचे पेपर त्याशिवाय वाचता येणार नाहीत.