चार वर्षं एकाच कारखान्यात कंत्राटी आहे, युनियन घेत नाही. कायम होण्यासाठी काय करू?

तुम्ही लिहिता की गोव्यात वेर्ण्याच्या औषध कारखान्यात चार वर्षं पॅकिंगला आहात, कंत्राटदार तीन झाले, यंत्र तेच राहिलं, आणि युनियन म्हणते ‘आम्ही फक्त कायम कामगारांची’.

२४० दिवस भरले की माणूस आपोआप कायम होतो, हे कुंडई-वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतींत सगळीकडे ऐकू येतं. ते खरं नाही. त्या दिवसांचा उपयोग कामावरून कमी करताना नोटीस आणि भरपाई मिळवण्यापुरता. कंत्राटी कामगाराला मूळ मालकाने, म्हणजे कंपनीने, आपोआप सामावून घ्यावं असा नियम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं. मात्र त्याच निकालाप्रमाणे कंत्राट नुसता देखावा ठरलं, तर कामगार मूळ मालकाचाच. तो देखावा आहे की नाही, हे औद्योगिक न्यायाधिकरण पुरावा पाहून ठरवतं.

म्हणून सगळा जोर पुराव्यावर हवा. नेमलं कुणी, काम रोज कोण सांगतं, रजा कोण मंजूर करतं, शिक्षा कोण करतं, हे तिथे विचारलं जातं. पीएफचं पासबुक काढा. एकाच यूएएनखाली (पीएफच्या कायम खाते क्रमांकाखाली) तिन्ही कंत्राटदार लागोपाठ दिसले, तर काम सलग होतं हे दिसतं. गेटपास, पाळीचे तक्ते, कंपनीच्या सुपरवायझरचे मोबाईलवरचे निरोप जपून ठेवा. औषध कारखान्यात आणखी एक भक्कम पुरावा असतो: बॅच रेकॉर्ड (औषधाची प्रत्येक खेप कशी बनली याची नोंद) आणि प्रशिक्षणाच्या नोंदींवरची तुमची सही. ते कागद बाहेर आणू नका, त्यांचे फोटोही काढू नका. गैरवर्तनाचा ठपका ठेवायला तेवढं पुरतं. बॅच क्रमांक आणि तारखा वहीत लिहा, मूळ कागद हजर करायला न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

हा दावा एकट्याने चालत नाही. कामावरून काढलं तर एकटा कामगार वाद उभा करू शकतो; कायम करण्याच्या मागणीला युनियनचा किंवा बऱ्याच कामगारांचा पाठिंबा लागतो. कंत्राटी माणसाला सभासद करून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. आडवी येत असेल तर युनियनची घटना, आणि ती बदलता येते. पण युनियन का कचरते तेही समजून घ्या. एकाहून अधिक युनियन असतील तर औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे वाटाघाटीचा एकमेव हक्क मिळवायला आस्थापनेच्या हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार लागतात. तुमचं नाव कंत्राटदाराच्या पटावर, त्यामुळे तुमचा पाठिंबा त्या मोजणीत येत नाही. अशा कंत्राटी, लवचीक भरतीचा युनियनला बसणारा खरा फटका हाच आहे: माणसं वाढतात, पट आखडतो. युनियनने तुम्हाला लांब ठेवलं तर तिचंही बळ दरवर्षी घटत जाणार, हे त्यांच्या पुढाऱ्यांना स्पष्ट सांगा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सुरक्षा व आरोग्य संहितेत मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे, आणि ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनेला ती मनाई लागू होते. पॅकिंग हे मुख्य काम नाही असं कंपनी म्हणेल. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्ये औषधाच्या ‘उत्पादना’च्या व्याख्येतच पॅकिंग आणि लेबल लावणं येतं; माझ्या मते हा मुद्दा तुमच्या बाजूने वजनदार आहे. अचानक वाढलेल्या कामासाठी सूट आहे, पण चार वर्षं ‘अचानक’ म्हणता येत नाहीत.

मधेच कंपनीकडून ठरावीक मुदतीच्या नेमणुकीचं पत्र पुढे येईल. त्यात कायम कामगाराइतके फायदे आणि एका वर्षावर ग्रॅच्युइटी मिळते, नावही कंपनीच्या पटावर येतं. मात्र मुदत संपली की कामावरून कमी केल्याची भरपाई नाही. मागची सेवा सोडून दिल्याचं वाक्य असेल तर सही करू नका.

अर्ज पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात, कामगार आयुक्तांकडे, सध्याचं कंत्राट संपण्याआधी द्या. समेट ४५ दिवसांत झाला नाही तर समेट अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत थेट न्यायाधिकरणात जाता येतं. तडजोडीत ‘नव्या कंत्राटदाराकडे सगळ्यांचं काम चालू राहील’ एवढंच पदरात पडलं, तरी कायमपणाचा दावा राखून ठेवल्याचं वाक्य त्या करारात लिहून घ्या.