मॉड्युलर घर बांधलेल्या घरापेक्षा स्वस्त पडतं का?

तुम्ही लिहिलंय, पाटण तालुक्यात वडिलोपार्जित जागेवर ६०० चौरस फुटांचं घर बांधायचंय आणि विक्रेता म्हणतोय की मॉड्युलर घर, म्हणजे कारखान्यात तयार करून जागेवर आणलेलं घर, विटांच्या घरापेक्षा ३० टक्के स्वस्त पडतं. ते खरं आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. गावातल्या एकट्या, लहान घरापुरतं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. घर लवकर उभं राहतं हे मात्र खरं. मी हा हिशेब स्वतःच्या घरासाठी शेवटच्या रुपयापर्यंत केलाय, तोच तुमच्यापुढे ठेवते.

आमचं घर दापोली तालुक्यात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात माजघरावरची सगळी कौलं गेली. दोन पावसाळे आईने पत्रे आणि ताडपत्रीखाली काढले. २०२२ च्या गणपतीनंतर नवं घर बांधायचं ठरलं. मी पुण्यात नोकरीला, गवंड्यामागे उभं राहायला गावात कोणी नाही, त्यामुळे कारखान्यातून तयार घर येणार या कल्पनेनेच मला हायसं वाटलं होतं. मॉड्युलर घर घ्यायचंच या तयारीने मी कोटेशन मागवलं.

आमचंही घर ६०० चौरस फुटांचंच. कोटेशन आलं चौरस फुटाला १,५०० रुपये, म्हणजे ९ लाख. लोखंडी सांगाडा, ५० मिलिमीटर जाडीच्या पफ पॅनेलच्या (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या) भिंती, वर पत्रा. तेव्हाच गावातल्या गवंड्याबरोबर बसून चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घराचा अंदाज काढला होता. माल आम्ही आणायचा, मजुरी त्याची. तो आकडा आला १२,३०,०००. म्हणजे मलाही साधारण तुमच्या विक्रेत्यासारखाच फरक दिसत होता, २७ टक्के.

मग मी कोटेशनचं शेवटचं पान वाचलं. जीएसटी वेगळा, १८ टक्के, म्हणजे १,६२,०००. पाया आणि जोतं ग्राहकाने करून द्यायचं. गवंड्याने त्याचे १,९०,००० सांगितले. वाहतूक आणि क्रेन ग्राहकाकडे, ते ९५,०००. बेरीज झाली १३,४७,०००. गवंड्याच्या अंदाजात जोतं, वाहतूक आणि मालावरचा कर हे सगळं आधीच धरलेलं होतं. सेप्टिक टँक आणि पडवीचा खर्च दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो इथे धरत नाही. स्वस्त वाटलेलं घर १,१७,००० रुपयांनी महाग निघालं. विक्रेत्याने फसवलं असं मी म्हणणार नाही, सगळं कागदावर लिहिलेलं होतं. पण फोनवर बोलताना तो तयार घराबद्दल बोलत होता आणि दर फक्त जोत्यावरच्या डब्याचा देत होता. या बोलण्याचा मला आजही राग येतो, कारण आईला मी तोच आकडा सांगून बसले होते.

असं का होतं, हे समजून घेतलंत तर तुमच्या गावचा हिशेब तुम्हालाच मांडता येईल. कारखाना मुख्यतः मजुरी आणि वेळ वाचवतो. स्वीडनमध्ये सुटी घरं बहुतेक कारखान्यातच तयार होतात, कारण तिथे सुताराचा दिवस फार महाग आणि उघड्यावर काम करायचे महिने थोडे. आमच्या १२,३०,००० मध्ये गवंडी, बिगारी, सुतार, प्लंबर सगळ्यांची मिळून मजुरी होती ३,७०,०००. कारखान्याने त्यातली निम्मी वाचवली असं धरलं, तरी त्या बदल्यात खाणीतून आलेल्या चिऱ्याऐवजी पोलाद आणि फोम विकत घ्यावा लागतो. शिवाय एका घरासाठी फक्त मजुरीवर काम दिलं, तर त्या मजुरीवर जीएसटी नाही. कारखान्याच्या बिलात मात्र तिथल्या मजुरीवर, शेडच्या भाड्यावर, नफ्यावर, सगळ्यावर १८ टक्के लागतात. हा फरक कोणी विक्रेता बोलून दाखवत नाही.

मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचा २०१९ चा एक अहवाल विक्रेते हमखास पुढे करतात. त्यात २० टक्क्यांपर्यंत बचत म्हटलंय, पण योग्य परिस्थिती असेल तरच. घरांना मोठी मागणी आणि कुशल कामगारांची टंचाई, ही ती परिस्थिती. अमेरिकेत कटेरा नावाच्या कंपनीने कारखान्यात घरं बनवण्यासाठी अब्जावधी डॉलर उभे केले आणि २०२१ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. कारखाना चालू ठेवायचा तर त्याला सतत एकसारखं काम लागतं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या लाइटहाऊस या घरबांधणी प्रकल्पांत ते मिळालं. रांचीत १,००८ घरांसाठी अख्ख्या खोल्या काँक्रीटमध्ये आधीच ओतून आणल्या, चेन्नईत १,१५२ घरं प्रीकास्ट पद्धतीने, म्हणजे काँक्रीटचे सुटे भाग आधीच ओतून, बांधली. एकाच साच्यातून शेकडो खोल्या निघाल्या की साच्याचा खर्च वाटला जातो. तुमच्या-माझ्या एका घराला तो फायदा कुठून मिळणार?

वेळेचं म्हणाल तर कारखाना आठ आठवड्यांत घर देणार होता, आम्हाला नोव्हेंबर ते मे लागले. आई माझ्याकडेच होती, त्यामुळे भाडं नव्हतं. कर्ज काढणार असाल तर १० लाखांवर ९ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ७,५०० होतं. पाच महिने वाचले तर ३७,५००. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण बांधकामाचं कर्ज बँक टप्प्याटप्प्याने देते. कारखाना मात्र जागेवर काही उभं राहायच्या आधीच मोठी रक्कम मागतो. आम्हाला ६० टक्के आगाऊ सांगितले होते, आणि आमच्या बँकेने जागेवर काम दिसल्याशिवाय हप्ता सोडणार नाही असं स्पष्ट सांगितलं. तुमच्या बँकेला हे आधी विचारा.

माझ्या मामेभावाला मात्र अशीच खोली स्वस्त पडली. त्याने समुद्राजवळ पाच वर्षांच्या भाडेकराराने जागा घेऊन पर्यटकांसाठी दोन पोर्टा केबिन ठेवल्या. करार संपल्यावर क्रेनने उचलून दुसरीकडे नेल्या. चिऱ्याच्या खोल्या असत्या तर जागामालकाला सोडून याव्या लागल्या असत्या. खाऱ्या वाऱ्याने खालच्या कडा गंजल्या होत्या, तेवढा पत्रा बदलावा लागला.

आम्ही शेवटी मधला मार्ग काढला. भिंती चिऱ्याच्या, आणि छताचे लोखंडी पाइपचे ट्रस (त्रिकोणी सांगाडे) खेडच्या वर्कशॉपमध्ये मापाने वेल्डिंग करून आणले. तीन दिवसांत छप्पर उभं राहिलं, वर जुनीच निवडक कौलं चढवली. लाकडी वाशांपेक्षा ते खूप स्वस्त पडलं.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे आणि ती मला पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते. पाटण म्हणजे कोयनेचा भाग. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तुमच्या घरच्यांनी सांगितला असेलच. तिथे मातीत रचलेल्या दगडाच्या जड भिंती नकोतच. विटांचं घर बांधलंत तर जोत्यावर, लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या वर) आणि छताखाली काँक्रीटचे सलग पट्टे घ्या, आणि तो खर्च अंदाजात धरा, नाहीतर तुलना खोटी ठरेल. हलका पोलादी सांगाडा, नीट जोत्याला बोल्टने बांधलेला, भूकंपात खरंच चांगला. त्यासाठी लाख-सव्वा लाख जास्त द्यायची तुमची तयारी असेल तर मी अजिबात अडवणार नाही. फक्त तिथला पाऊस लक्षात घ्या आणि पत्र्याखाली आवाज अडवणारा थर आहे का ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.

तेव्हा विक्रेत्याला चौरस फुटाचा दर विचारू नका. ‘जोतं, कर, वाहतूक, क्रेन, वायरिंग, नळ, लादी धरून किल्ली हातात द्यायचे किती?’ असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आणि अख्खी खोली ट्रेलरवर येणार असेल तर बोलणी पुढे नेण्याआधी मोजपट्टी घेऊन गावात जा. आमच्या वाडीच्या शेवटच्या वळणावर साधा ट्रकही दोनदा मागे-पुढे करावा लागतो.