डिपॉझिटसाठी दीड तास स्ट्रेचरवर, आता बिलासाठी डिस्चार्ज अडवलाय

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. सासऱ्यांच्या छातीत रात्री कळ आली, रिक्षात घालून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला नेलं, आधी एक लाख भरा मग बघू म्हणाले, दीर शेजाऱ्याकडे मंगळसूत्र ठेवून पैसे घेऊन येईपर्यंत दीड तास पेशंट स्ट्रेचरवर पडून. मग अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट पडले, तब्येत आता बरी आहे, पण उरलेले १ लाख ८५ हजार भरल्याशिवाय सोडत नाहीत. आणि हॉस्पिटल ट्रस्टचं आहे हे तुम्हाला काल कळलं, काउंटरवर विचारलं तर गरीब पेशंटचा कोटा फुल आहे, आणि ते ॲडमिट होतानाच सांगायचं असतं, असं उत्तर मिळालं.

पहिलं काम, बिलाचा कागद हातात घ्या आणि वर किंवा खाली बारीक अक्षरात ट्रस्टचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर आहे का बघा. ई किंवा एफने सुरू होणारा नंबर असेल तर ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्था. नुसतं नावात फाउंडेशन आहे म्हणून धरून चालू नका, कंपनी असेल तर ट्रस्ट हॉस्पिटलांची गरीब पेशंटसाठीची स्कीम लागू होत नाही. डिस्चार्ज आणि इमर्जन्सीचे मुद्दे मात्र तरीही उभे राहतात.

ट्रस्ट निघाला तर ऐका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ एए आणि त्याखाली २००६ साली मुंबई हायकोर्टाने मंजूर केलेली स्कीम, यात १० टक्के बेड निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावेच लागतात. म्हणजे ३०० बेडचं हॉस्पिटल असेल तर ३० आणि ३०. शिवाय एकूण बिलिंगच्या २ टक्के रक्कम गरीब पेशंटच्या फंडात वेगळी काढावी लागते, त्याला आयपीएफ म्हणतात. अशा कित्येक ट्रस्टना टॅक्समध्ये सूट मिळालीय, काहींना सरकारी जमीन, जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, मिळालाय, ते सगळं लोकांच्या पैशातनंच आलंय. संगमरवरी लॉबी बघून तुम्हाला वाटलं की ही जागा आपली नाही, मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो, कारण तिथले ते बेड कायद्याने तुमच्यासारख्यांसाठीच आहेत.

तुम्ही लिहिलंय घरचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ४० हजार. निर्धनची मर्यादा १ लाख ८० हजार आहे, दुर्बल घटकाची ३ लाख ६० हजार. तुम्ही सरळ निर्धनमध्ये बसता. स्टेंट, औषधं, कंझ्युमेबल्स (सिरिंज, ग्लोव्हज असं वापरून टाकायचं सामान) खरेदी किमतीला धरून त्या फंडातून भागवायचे असतात (दुर्बल घटकाला त्यातला निदान अर्धा भाग भरावा लागतो, तुम्हाला नाही). तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका, तोवर रेशनकार्ड जोडा.

आता महत्त्वाचं. आत्तापर्यंत सगळं तोंडी चाललंय आणि तोंडी बोलण्यात हॉस्पिटलचाच फायदा आहे. एका कागदावर मराठीतच लिहा, आम्ही निर्धन पेशंट आहोत, स्कीमचा लाभ द्या, बेड भरले असतील तर तसं सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. हा अर्ज सोशल वर्करकडे द्या, एमएसडब्ल्यू म्हणतात त्यांना, आणि दुसऱ्या कॉपीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज ईमेल करा. कोटा फुल हे तोंडाने म्हणायला काही लागत नाही, पण बेडचा हिशेब धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो, त्यामुळे खोटं लिहून द्यायला ते दहादा विचार करतात.

दीड तासाचं प्रकरण वेगळं आहे आणि ते सोडू नका. इमर्जन्सी पेशंटकडून डिपॉझिट मागायचं नाही असं स्कीममध्येच आहे, आणि आधी जीव वाचवायचा हे सुप्रीम कोर्टाने १९८९ सालच्या परमानंद कटारा केसमध्ये सरकारी-खाजगी सगळ्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय. तुमच्याकडे दोन कागद असतील, कॅज्युअल्टीचा केसपेपर आणि डिपॉझिटची पावती. दोन्हीवर सहसा वेळ असते. ते दोन शेजारी ठेवून फोटो काढा, तोच तुमचा पुरावा. सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असंही आजच लिहून द्या, काही दिवसांनी ते पुसलं जातं. केसपेपर, रिपोर्ट्स लेखी मागितले की ७२ तासांत द्यावे लागतात, त्यात स्टेंटचे स्टिकर आहेत का बघा, कारण स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे.

बिलासाठी पेशंटला अडवून ठेवता येत नाही. पैसे येणं असेल तर त्यांनी वसुलीचा दावा लावावा, माणूस तारण ठेवता येत नाही. गेटवर अडवलं तर ११२ ला फोन करा, भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ प्रमाणे तो गुन्हा आहे. फक्त दोन गोष्टी सांभाळा. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतोय अशा फॉर्मवर सही करू नका, तो पुढे तुमच्यावरच उलटवतील, आणि कोऱ्या कागदावर तर अजिबातच नको. नाइलाजाने काही भरावं लागलंच तर अर्जात हरकत राखून भरतोय एवढे शब्द घाला.

हॉस्पिटल ऐकत नसेल तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार करा, सोबत अर्जाची पोच, दोन्ही कागदांचे फोटो, रेशनकार्ड. भरलेला लाख परत मागायला ग्राहक आयोग आहे, त्याला दोन वर्षं मुदत असते, तिथे घाई नाही. आज फक्त अर्ज द्या आणि पोच मिळाली की त्याचा फोटो मला पाठवा, तक्रारीचा मसुदा मी रात्री करून देते.