शिट्टी सरांची, टाच माझ्या समोर

प्रश्न: ताई, मी 27 वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी कबड्डीची पंच परीक्षा पास झालो. गेल्या महिन्यात एका उपांत्य सामन्यात समोरच्या बाजूला माझे गुरू पंच होते. शेवटच्या मिनिटाला चढाईपटूच्या पायाचा अंगठा माझ्याकडच्या कोपरारक्षकाच्या टाचेला लागला आणि मग तो लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला. सरांनी मात्र स्पर्श न करता लॉबीत गेला म्हणून त्याला बाद दिलं. मी गप्प बसलो. तो संघ एका गुणाने हरला. मी सरांचा निर्णय बदलायला हवा होता का? झोप लागत नाही.

उत्तर: अरे, ‘बदलायला’ हा तुझा शब्दच मला खटकला. पंचाने पंचाचा निर्णय फिरवावा अशी सोय कबड्डीत नाहीच. एरवी पंचाचा निर्णय अंतिम. पण खास प्रसंगी, दोघांपैकी एका पंचाशी एकमत झालं तर, सरपंच, म्हणजे सामन्याचे मुख्य पंच, निर्णय देऊ शकतात. म्हणजे तू हात वर करायचा, सरपंचांजवळ जायचं आणि ‘अंगठा टाचेला लागला, मी पाहिलं’ एवढंच हळू आवाजात सांगायचं. तेही पुढची चढाई सुरू व्हायच्या आत. मग त्यांनी काय ठरवायचं ते ठरवलं असतं. तू ते केलं नाहीस, आणि चुकलासच.

माझे दीर तालुक्यात पंच होते. एकदा त्यांनी गुण चढाईला दाखवला आणि त्याच क्षणी जोडीदाराने पकडीला. दोन्हीकडची मंडळी मैदानात घुसली, खुर्च्या उडाल्या, एक हॅलोजन फुटला. तेव्हा जागेवरून उलटा हात कधी दाखवू नकोस.

आणि बोलायचं ते फक्त स्वतः पाहिलेलं. सरांच्या बाजूला कुणी बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, घेतला, तर मागचा पाय हवेत होता की नाही हे मैदानाच्या दहा मीटर रुंदीपलीकडून तुला काय दिसणार? तिथे तोंड उघडायचं नाही. ही टाच मात्र तुझ्या पुढ्यात होती आणि सरांच्या आड हात धरून उभ्या बचावपटूंची सगळी साखळी.

क्रिकेटच्या 31व्या कायद्यातही आहे, की जोडीदाराला अधिक नीट दिसलं असेल तर पंचाने शंका त्याला विचारावी. विचारल्याने कुणी लहान होत नाही. आपल्याकडे ज्येष्ठता आडवी येते. सरांनी शिट्टी धरायला शिकवलं, त्यांच्यासमोर हात कसा वर करायचा! कळतं मला ते.

आता एक कर. हरलेल्या संघाला गाठून माफी मागत बसू नकोस. निकाल काही बदलणार नाही, गावभर मात्र होईल आणि सरांचीच अब्रू जाईल. त्यापेक्षा सरांना एकट्याला गाठ. घरी जा, चहा होऊ दे, मग टाचेचं सांग. चिडतील. ‘मग तेव्हा तोंड शिवलं होतं का?’ म्हणतील. ‘समोर तुम्ही होतात, म्हणून’ हे खरं उत्तर दे आणि लगेच विचार, ‘पुढच्या स्पर्धेत मला वेगळं दिसलं, तर कोणती खूण करू?’ काय म्हणाले ते मला कळव.