कार्नर ब्लू पहिल्यांदा शोधताय? आधी झाड ओळखा

कार्नर ब्लू हे छोटं निळं फुलपाखरू, पण त्याच्यामागे धावू नका. पंख पसरून जेमतेम अडीच सेंटीमीटर, हातात येणार नाही. शिवाय १९९२पासून ते अमेरिकेत धोक्यातली प्रजाती म्हणून कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे जाळी घरीच ठेवा.

सुरुवात रानटी ल्युपिन या रानफुलाच्या झाडापासून करा, कारण अळी फक्त त्याचीच पानं खाते. नर्सरीत मिळणारं ठसठशीत बागेतलं ल्युपिन बहुधा वेगळ्या जातीचं असतं. ते लावून वाट पाहत बसणं ही नेहमीची चूक. खरं झाड विस्कॉन्सिन, मिशिगन किंवा न्यूयॉर्क राज्यातल्या आल्बनीजवळच्या पाइन बुशसारख्या वाळूच्या, मोकळ्या उन्हाच्या जागी सापडतं.

वर्षाला दोनच पिढ्या. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत पहिली उडते, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुसरी. दुसरीची अंडी हिवाळा काढून एप्रिलमध्ये फुटतात. प्रौढाचं आयुष्य साधारण आठवड्याचं, म्हणून एक रविवार हुकला तर पुढच्या रविवारी पुन्हा जा.

अळी हिरवी, सहज दिसत नाही. अळीच्या दोन आणि प्रौढाची एक, अशा तीन खुणा बघा:
- पानावर खिडकीसारखे अर्धपारदर्शक डाग
- त्याच झाडावर रेंगाळणाऱ्या मुंग्या. त्या अळीचा गोड स्राव चाटतात आणि बदल्यात तिच्या शत्रूंना हुसकावतात
- प्रौढ बसल्यावर मागच्या पंखाखाली कडेला नारिंगी ठिपक्यांची ओळ

दिसायला सारखी दुसरीही छोटी निळी फुलपाखरं असतात. मागच्या पंखाला शेपटी दिसली तर ते ईस्टर्न टेल्ड-ब्लू. नारिंगी अजिबात नसेल तर बहुधा अझ्युअर. वरच्या निळ्या रंगावर निर्णय देऊ नका, मादी बरीच तपकिरी असते.

आणि हो, पायवाट सोडू नका. अंडी ल्युपिनवर किंवा त्याच्या बुडाशी असतात.