फोकसचा पिवळा दिवा आणि आरएव्ही४ चा हप्ता

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून एका वाचकाने लिहिलंय: "ताई, आमची २०१४ ची फोर्ड फोकस आहे, ऑटोमॅटिक, ९४ हजार मैल झालेली. चेक इंजिनचा दिवा लागलाय, कोड पी१४५०. पेट्रोलचा काटा मनाला येईल तसा नाचतो, आणि गाडी दोनदा सिग्नलला बंद पडली. गॅरेजवाल्याने पर्ज व्हॉल्व्ह, कॅनिस्टर आणि टाकी मिळून १,८५० डॉलर सांगितलेत. दोन महिन्यांनी स्मॉग चेक (गाडीच्या उत्सर्जनाची सक्तीची चाचणी) आहे. बायको म्हणते, आता पुरे झालं, टोयोटाची नवी आरएव्ही४ हायब्रिड घेऊन टाकू. तसंही उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिने राहायला येणार आहेत. ओळखीतल्या एकाची २०१३ ची सुबारू आउटबॅक आहे, न्यू जर्सीहून आणलेली, ७,५०० ला देतोय. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, तिला कामाचा परवाना नाही. बँकेत ११ हजार डॉलर आहेत. महिन्याचा खर्च पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता धरून साडेपाच हजार. आणि मुळात हा आजार कोणत्या गाड्यांना जास्त होतो, म्हणजे त्या टाळता येतील?"

सगळ्यात आधी, त्या गॅरेजला अजून एक डॉलरही देऊ नका. हे काम बहुतेक फुकट होणारं आहे.

तुमच्या गाडीचा आजार फोर्डला चांगला ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये फोर्डने २०१२ ते २०१८ च्या फोकस गाड्या याच दोषासाठी परत बोलावल्या, म्हणजे रिकॉल केल्या. उत्तर अमेरिकेत मिळून सुमारे १५ लाख गाड्या. फोर्डचा क्रमांक १८एस३२. टाकीत पेट्रोलची वाफ तयार होते. ती हवेत सोडायला कायद्याने बंदी, म्हणून ती कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठते आणि पर्ज व्हॉल्व्ह अधूनमधून उघडून इंजिन ती जाळून टाकतं. फोकसमध्ये हा व्हॉल्व्ह उघडाच अडकतो. मग इंजिन टाकीतून सतत हवा ओढत राहतं, प्लास्टिकची टाकी आत चेपते, आतला तरंगता खटका जागचा हलतो आणि काटा नाचायला लागतो. गाडी बंद पडते तीही त्यामुळेच. पी१४५० म्हणजे नेमकं हेच: टाकीतली निर्वात स्थिती सुटत नाहीये.

एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, टाका. रिकॉल बाकी दिसला तर कोणत्याही फोर्ड डीलरकडे जा. सॉफ्टवेअर बदलून देतात, व्हॉल्व्ह तपासतात आणि गरज असेल तर व्हॉल्व्ह, कॅनिस्टर, टाकी सगळं बदलतात, बिल शून्य. गाडी तुम्ही दुसऱ्या हातून घेतली असली तरी हक्क गाडीबरोबर येतो. दुरुस्ती होईपर्यंत टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. फोर्डनेच तसं सांगितलं होतं. आणि ८८० फ्रीवेवर तर जाऊच नका. पैशाचा हिशेब नंतर, फ्रीवेवर मधल्या लेनमध्ये बंद पडलेली गाडी आधी.

समजा, आधीच्या मालकाने रिकॉल करून घेतला होता आणि व्हॉल्व्ह पुन्हा बिघडलाय. तरीही खिशात हात घालायच्या आधी बॉनेट उघडा. आत उत्सर्जनाचं एक लेबल असतं. त्यावर पीझेडईव्ही (अतिशय कमी उत्सर्जनाची गाडी) लिहिलं असेल आणि गाडी कॅलिफोर्नियात किंवा कॅलिफोर्नियाचे नियम पाळणाऱ्या राज्यात विकली गेली असेल, तर उत्सर्जनाशी संबंधित भागांवर १५ वर्षं किंवा १,५०,००० मैल वॉरंटी असते. तुमची २०१४ ची, ९४ हजार मैलांची, म्हणजे अजून आत बसते. ही वॉरंटी लोकांना माहीतच नसते. डीलरच्या सर्व्हिस काउंटरवरचा माणूसही कधीकधी "तीन वर्षांची संपली" म्हणून हात झटकतो. त्याला लेबलचा फोटो दाखवा आणि व्हीआयएनवर उत्सर्जनाची वॉरंटी तपासायला लावा. नकार दिला तर लेखी मागा.

स्मॉगचं गणित सोपं आहे: दिवा लागलेला असेल तर गाडी नापास. मित्र सांगतील, वीस डॉलरचा स्कॅनर घे, कोड पूस आणि लगेच चाचणी दे. त्यात पडू नका. २०१० आणि पुढच्या गाड्यांमध्ये कोड पुसला तरी एक कायमची नोंद मागे राहते आणि जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात ती बघतात. रिकॉलचं काम झाल्यावर मात्र त्याच नोंदीची अडचण तुम्हालाही येऊ शकते, म्हणून काम वेळेत करून घ्या. कोड पुसल्यानंतर २०० मैल आणि १५ वेळा इंजिन थंडावरून गरम झालं की ती नोंद ग्राह्य धरत नाहीत. रोज ऑफिसला जाणाऱ्याचे एवढे मैल दोन-तीन आठवड्यांत होतात. चाचणीच्या आदल्या दिवशी डीलरकडे गेलात तर पंचाईत होईल.

आता वहिनींच्या आरएव्ही४ कडे. गाडीत खोट नाही, खोट वेळेत आहे. ३४ हजारांची गाडी धरली तर फ्रीमाँटला दहा टक्क्यांच्या आसपास विक्रीकर, म्हणजे रस्त्यावर येईपर्यंत ३७ हजारांच्या वर. सात हजार खिशातून भरून ३० हजारांचं कर्ज साडेसात टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता महिना ६०१ डॉलर आणि एकूण व्याज सहा हजारांच्या वर. शिवाय कर्ज देणारी बँक पूर्ण विमा घ्यायला लावते. आज जुन्या गाडीवर फक्त लायबिलिटी (समोरच्याचं नुकसान भरून देणारा विमा) असेल तर प्रीमियममधला फरकही दर महिन्याला हप्त्याला चिकटेल. आणि ते सात हजार गेल्यावर बँकेत राहतात चार हजार.

चार हजार म्हणजे तुमचा तीन आठवड्यांचा खर्च. एच-१बी वर नोकरी गेली तर तुमच्या हातात ६० दिवस. त्यात नवी नोकरी शोधायची, नाहीतर घर आवरून तिकिटं काढायची, आणि पुण्याचा हप्ता बँक काही थांबवत नाही. एका पगारावर चालणाऱ्या घरात, तेही व्हिसाच्या टांगत्या तलवारीखाली, मी पाच-सहा महिन्यांच्या खर्चाच्या खाली बचत गेलेली चालवून घेत नाही. तुमच्याकडे आज फक्त दोन महिन्यांची आहे. आई-बाबा सहा महिने राहणार आणि हप्ता साठ महिने. योसेमिटी आणि एलएच्या दोन फेऱ्यांसाठी मिनीव्हॅन भाड्याने घ्या, तरी पुष्कळ स्वस्त पडेल. (ऐंशी टक्के वेळ आई-बाबा घरी आणि लेक एलिझाबेथ तळ्याकाठच्या बाकावर असतात, हे वहिनींना मी सांगितलं म्हणून सांगू नका.)

वहिनींचं एक म्हणणं मात्र खरं आहे. या फोकसवर फार दिवस काढू नयेत, आणि त्याचं कारण पिवळा दिवा नव्हे, गिअरबॉक्स. २०१२ ते २०१६ च्या ऑटोमॅटिक फोकसमध्ये ड्युअल क्लचचा पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स आहे. सिग्नलवरून निघताना थरथरणं, अडखळणं या त्याच्या तक्रारी कोर्टापर्यंत गेल्या. फोर्डने क्लचची वॉरंटी वाढवून सात वर्षं किंवा एक लाख मैल केली होती, पण २०१४ च्या गाडीसाठी ती मुदत कधीच उलटली. तेव्हा वाफेची दुरुस्ती फुकटात करा, स्मॉग पास करा, गाडी वर्षभर चालवा. पण गिअरबॉक्सवर हजार-दोन हजारांचं बिल निघालं तर ते भरू नका. त्या दिवशी गाडी विका. कॅलिफोर्नियात विकताना स्मॉगचं प्रमाणपत्र देणं विकणाऱ्याचं काम असतं, त्यामुळे आज केलेली दुरुस्ती तेव्हाही कामाला येईल. तोवर आरएव्ही४ चा तो ६०० चा हप्ता स्वतःलाच द्या, वेगळ्या सेव्हिंग खात्यात. वर्षात ७,२०० होतात.

कोणत्या गाड्यांना हा आजार जास्त, याचं उत्तर कंपनीच्या नावात पूर्ण सापडत नाही. डिझेल आणि विजेवरच्या गाड्यांना वाफेची ही यंत्रणाच नाही. १९९६ पासून अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक पेट्रोल कारला ओबीडी-२, म्हणजे बिघाड स्वतः शोधून कोड देणारी संगणक यंत्रणा, आहे, आणि पुढे तर अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रातून गळणारी वाफही पकडायला ती शिकली. पी०४५६ म्हणजे तेच बारीक छिद्र, पी०४४२ थोडं मोठं, पी०४५५ मोठी गळती. पी०४५७ आला तर आधी पेट्रोलचं झाकण बघा. पंधरा-वीस डॉलरच्या झाकणावर मिटलेली प्रकरणं पुष्कळ आहेत.

तरी काही गाड्यांच्या खोडी ठरलेल्या. शेव्ही क्रूझ, मालिबू, इक्विनॉक्समध्ये पर्ज व्हॉल्व्ह गळतो, पी०४९६ येतो आणि पेट्रोल भरल्यावर गाडी चटकन सुरू होत नाही. भाग स्वस्त, काम अर्ध्या तासाचं. ह्युंदाई-कियातही पर्ज व्हॉल्व्हचीच कुरबूर, आणि त्यांची जाहिरातीतली दहा वर्षांची वॉरंटी इंजिन-गिअरबॉक्सची आहे, याची नाही. होंडात व्हेंटकडची, म्हणजे डब्यात बाहेरची हवा येते तिकडची, बाजू: १९९८ ते २००२ च्या अकॉर्डला पी१४५७, २००६ ते २०११ च्या सिव्हिकला पी२४२२. जीप आणि डॉजला गळती तपासणारा छोटा खटकाच दगा देतो. टोयोटात हे कमी होतं, पण झालं की महाग, कारण बऱ्याच मॉडेल्समध्ये गळती तपासणारा पंप कॅनिस्टरमध्येच बसवलेला, सगळा डबा बदलावा लागतो. या कोडसाठी मी कोणतीही गाडी यादीतून काढणार नाही. बिल बहुतेक वेळा दोन-चारशेचं असतं, फार तर हजाराच्या आसपास. गिअरबॉक्ससाठी मात्र काढेन.

एक सवय आपली आहे. पंप 'टक्' करून थांबला की आपण गोल आकड्यासाठी आणखी दाबतो, ३८.६० चे ४० करायला. ते जास्तीचं पेट्रोल वाफेच्या नळीतून कोळशाच्या डब्यात जातं आणि कोळसा भिजला की डबा बाद. पहिल्या टक्ला थांबा.

राहिली आउटबॅक. न्यू जर्सीच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात आणि जुन्या सुबारूंची पेट्रोल भरायची नळी, उजव्या मागच्या चाकाच्या आतली, गंजून सच्छिद्र होते. बाहेरून काही दिसत नाही. चाकाच्या आतलं प्लास्टिकचं कव्हर काढलं की कळतं. घ्यायची असेल तर तुमच्या मेकॅनिककडून स्मोक टेस्टसकट (नळ्यांत धूर सोडून गळती शोधतात ती) तपासणी करून घ्या. शे-दीडशे डॉलर जातील, जाऊ द्या. नुसत्या स्मॉगच्या कागदावर विसंबू नका. कॅलिफोर्नियात २००० नंतरच्या पेट्रोल गाड्यांना फक्त एकच मॉनिटर (गाडीच्या संगणकाने स्वतः केलेली तपासणी) अपूर्ण असला तरी पास करतात, आणि तो नेमका वाफेचा, इव्हॅपचा. म्हणजे कोड पुसून दोन-तीनशे मैल गाडी फिरवली तर गळकी गाडीही पास होऊ शकते. चाचणीच्या रिपोर्टवर इव्हॅपपुढे काय लिहिलंय ते वाचा. 'अपूर्ण' असेल तर विकणाऱ्याला सांगा, टाकी अर्धी ठेव, आठवडाभर चालव, मॉनिटर पूर्ण झाला की बोलू. आणि मॉनिटर पूर्ण झाला तरी लगेच नाही. ७,५०० दिल्यावर तुमच्याकडे साडेतीन हजार उरतात. ओळखीचा आहे ना, त्याला विचारा पुढच्या वर्षीपर्यंत थांबतो का. नाही थांबला तर बे एरियात आउटबॅकला तोटा नाही.