यस-क्यू-यल म्हणणाऱ्यांच्या बाजूने

प्रश्न कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. डेटाबेसमधून माहिती मागायच्या भाषेला, म्हणजे SQLला, तिचे एक सर 'सीक्वेल' म्हणतात, दुसरे 'एस-क्यू-एल'. पुण्यात मुलाखतीला गेल्यावर ती 'यस-क्यू-यल' म्हणाली, तेव्हा समोरचे दोघं एकमेकांकडं बघून हसले. नेमका उच्चार कोणता, असं ती विचारते. शिवाय, जीयूआयला, म्हणजे पडद्यावरच्या चित्रं-बटणांच्या मांडणीला, 'गुई' म्हणावं का?

पहिल्या दोन उच्चारांचा निकाल पटकन लावू. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली ही भाषा मांडली तेव्हा तिचं नावच 'सीक्वेल' होतं. 'स्ट्रक्चर्ड इंग्लिश क्वेरी लँग्वेज' या शब्दांची आद्याक्षरं जुळवून ते केलेलं होतं. पुढं कळलं की हॉकर सिडली या ब्रिटिश विमान कंपनीकडं त्या नावाचा ट्रेडमार्क आहे. मग मधले स्वर काढून टाकले आणि तीन अक्षरं उरली. म्हणजे 'सीक्वेल' म्हणणारे सर मूळ नाव घेतात आणि 'एस-क्यू-एल' म्हणणारे सर १९८६ च्या अमेरिकी मानकातलं नाव घेतात. दोघांनाही पूर्ण गुण.

या कुळातल्या दोन डेटाबेसचं मात्र वेगळं आहे. पोस्टग्रेवाल्यांनी आपल्या PostgreSQLचा 'पोस्ट-ग्रेस-क्यू-एल' असा उच्चार ठरवून दिलाय. तिथं 'सीक्वेल' बसतच नाही, कारण 'एस' आधीच 'ग्रेस'मध्ये खर्ची पडलेला असतो. मायएसक्यूएलच्या अधिकृत पुस्तिकेत 'माय एस-क्यू-एल' हा उच्चार दिलाय आणि पुढं लिहिलंय की कुणी 'माय सीक्वेल' म्हणालं किंवा आपापल्या स्थानिक पद्धतीनं उच्चारलं तरी आमची हरकत नाही. पुण्यातल्या त्या दोघांनी हे वाक्य वाचायला हवं होतं. ज्यांनी वस्तू घडवली त्यांची हरकत नाही आणि वापरणाऱ्यांना हसू येतं, याचा मला मनापासून राग येतो.

घडवणाऱ्याचा शब्दही अखेरचा नसतो, हे इथंच सांगतो. जिफ (GIF) हा कॉम्प्युटरवरच्या चित्रांचा प्रकार १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांनी केला. २०१३ साली इंटरनेटवरच्या कामासाठीचा वेबी पुरस्कार स्वीकारताना त्यांनी पडद्यावर पाच शब्दांचं भाषण दाखवलं: उच्चार 'जिफ' आहे, 'गिफ' नव्हे. जगानं ऐकलं नाही, दोन्ही उच्चार आजही चालतात. माझ्या मते जगाला तो अधिकार आहे. पण 'गिफ'वाल्यांचा युक्तिवादही टिकत नाही. ते म्हणतात, 'जी' हा 'ग्राफिक्स'चा आहे, म्हणून 'ग'. मग जेपेग (JPEG) या चित्रांच्या दुसऱ्या प्रकारातला 'पी' हा 'फोटोग्राफिक'चा आहे. त्याला 'जेफेग' म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. आद्याक्षरं एकदा मूळ शब्दातून सुटली की तोंडाच्या सोयीनं चालतात.

आता येतो तुमच्या 'यस'कडं, कारण खरं बोलण्यासारखं तिथंच आहे.

'यस', 'यल', 'यम', 'यच' ऐकून लोक 'गावंढळ' म्हणतात. गडहिंग्लज-चंदगडचा मुलगा वेबपानांच्या 'एचटीएमएल' या भाषेला 'यचटीयमेल' म्हणाला की वर्गात खसखस पिकते. त्या मुलाच्या उच्चाराकडं नीट कान देऊन बघा. पहिल्या 'एच'चा 'यच' झाला, कारण तिथं शब्दाच्या सुरुवातीला 'ए' उघडा आहे. 'टी'नंतरच्या 'एम'चा 'यम' झाला, कारण आधी 'ई' हा स्वर आहे. शेवटच्या 'एल'चा मात्र 'यल' झाला नाही. तो आधीच्या 'म्'ला चिकटून 'मेल' झाला. तोच मुलगा वेबपत्त्याच्या 'यूआरएल'ला 'यूआरेल' म्हणतो, कारण तिथंही 'एल'च्या आधी 'र्' आहे. 'ए'ला टेकायला व्यंजन मिळालं की 'य' येत नाही, नाही मिळालं की येतो. इतकी शिस्त अडाणीपणात नसते. हा मराठीचा ध्वनिनियम आहे, आणि तो मुलगा तो न शिकता बिनचूक पाळतो.

हसणारेही तो पाळतात. 'बीएस्सी' हा शब्द भरभर म्हणून बघा. पुण्यात, मुंबईत, कुठंही: 'बीयेस्सी'. 'पीडीएफ'चं 'पीडीयेफ'. दोन स्वरांच्या मधला 'य' सगळ्यांना चालतो. तोच 'य' कोल्हापूरकरानं चार पावलं पुढं आणून शब्दाच्या तोंडाशी ठेवला की तो अशुद्ध ठरतो! आमच्याकडं 'एक'चा 'येक' होतो, 'एवढा'चा 'येवढा', आणि एसटीची 'येष्टी' तर सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलीय.

इथं भाषेचे काही जाणकार सांगतात की ही कानडीची लागण आहे. निपाणी-संकेश्वर हाकेच्या अंतरावर, कानडीत शब्दारंभीचा 'ए' 'ये'सारखाच उच्चारतात, म्हणून कोल्हापूरकरांनी तो उचलला. हे मत मी वर्षानुवर्षं ऐकतो आणि मला ते साफ अमान्य आहे. कानडीतली प्रवृत्ती खरी आहे, पण त्यातून उसनवारी सिद्ध होत नाही. समर्थ रामदास जालन्याकडच्या जांबचे. दासबोधाच्या जुन्या पाठांत 'येक', 'येकांत' अशी रूपं पानोपानी आहेत. जांबला कानडीचा शेजार कुठला? आणि सगळ्यात मोठा पुरावा तर रोज आपल्या तोंडात आहे: 'येथे'. प्राकृतात हा शब्द 'एत्थ' होता. त्याच्या डोक्यावर 'य' बसला तो आपल्या प्रमाण मराठीत! शाळेच्या पुस्तकात 'येथे' छापतात, सरकारी पाटीवर 'येथे' लिहितात आणि मग 'येक' म्हणणाऱ्या पोराच्या वहीवर लाल रेघ मारतात. कानडी लागण म्हणणाऱ्यांनी आधी 'येथे'चं उत्तर द्यावं. मला अजून कुणी दिलेलं नाही.

माझं मत असं की शब्दारंभी उघडा 'ए' मराठीच्या जिभेला कधीच फारसा मानवला नाही. 'ओ'चंही तेच. जुन्या मराठीत ओवीला 'वोवी' लिहिलेलं सापडतं, आमच्याकडं आजही ओठाला 'व्हट' म्हणतात. बँकेत म्हातारी माणसं 'वोटीपी आला' म्हणतात तेव्हा तीच जुनी सवय बोलत असते.

आणि इंग्रजी अक्षरांची नावं तरी कुठं इतकी सोवळी आहेत? रोमन लोकांनी ज्या व्यंजनांचा आवाज लांबवता येतो त्यांच्या नावात स्वर पुढं ठेवला: एफ, एल, एम, एन, एस. ज्यांचा आवाज अडतो त्यांच्या मागं ठेवला: बी, डी, पी, टी. म्हणून 'एस' आणि 'एल' उघड्या 'ए'नं सुरू होतात आणि आमची जीभ तिथं अडते. 'बी', 'टी' सरळ येतात.

'एच'ची कथा तर मला फार आवडते. उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्या अक्षराचं नाव 'अक्का' किंवा 'हक्का' असं काहीतरी होतं; इटालियनमध्ये आजही 'अक्का'च म्हणतात. जुन्या फ्रेंचमध्ये त्या 'क्का'चा 'च' झाला आणि नाव 'आच' झालं. ते नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात गेलं आणि इंग्रजीचे दीर्घ स्वर सरकले तेव्हा 'एच' झालं. म्हणजे 'ह' या ध्वनीसाठी असलेल्या अक्षराच्या नावात 'ह'च उरलेला नाही! आयर्लंडमध्ये लोक 'हेच' म्हणून तो परत बसवतात, तर इंग्लंडातले लोक त्यांना नावं ठेवतात. जे नाव लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन तोंडांतून बदलत आलं, ते चौथ्या तोंडात 'यच' झालं तर बिघडलं कुठं?

आपल्या वर्णांची नावं बघा. सगळी व्यंजनं 'अ' घेऊन येतात: क, म, ल, स. म्हणून मराठी लघुरूप शब्दासारखं आपोआप बोलता येतं. शेतकरी कामगार पक्षाचा 'शेकाप' झाला, अंधश्रद्धा निर्मूलन समितीची 'अंनिस' झाली, ग. दि. माडगूळकरांचे 'गदिमा' झाले. अक्षर हा आपला एकक आहे आणि त्यात स्वर आधीच भरलेला आहे. पाणिनीनं हेच शास्त्र म्हणून वापरलं. नामांच्या सगळ्या प्रत्ययांना मिळून 'सुप्' आणि क्रियापदांच्या अठरा प्रत्ययांना मिळून 'तिङ्': पहिल्या प्रत्ययाची सुरुवात आणि शेवटच्याची खूण जोडून केलेले हे शब्द. 'सुबन्त', 'तिङन्त' असे त्यांचे समासही झाले. इंग्रजीत 'रॅम', 'रॉम', 'बायोस' असे शब्द जमतात ते मधे एखादा स्वर सापडला तर. वेबपत्त्याच्या सुरुवातीच्या एचटीटीपीत तो नाही, म्हणून ते जगभर अक्षरं सुटी करूनच म्हणतात.

एवढं असून आम्ही कोल्हापूरकर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला 'सीपीआर' म्हणतो आणि पाटाकडील तालीम मंडळाला 'पीटीएम'. शाहू स्टेडियममध्ये सामना रंगला की 'पीटीयम, पीटीयम' असा गजर होतो, आणि तिथल्या 'यम'ला कुणी हसत नाही. मराठी नावाची इंग्रजी आद्याक्षरं घेऊन त्यांना पुन्हा मराठी ध्वनिनियम लावला. मला यात काहीही चुकीचं दिसत नाही. 'पातामं' म्हणा असं सांगायला मी जाणार नाही.

मुलाखतीचं म्हणाल तर समोरचा जो उच्चार करतो तो ऐकून घ्या, पण 'यस-क्यू-यल' तोंडातून गेलं तर ते परत घेऊ नका. पुन्हा कुणी हसलं तर 'येथे' हा शब्द कसा लिहितात ते त्याला विचारा.

'गुई' खुशाल म्हणा. मधे 'यू' हा स्वर आहे, शब्द नीट बसतो, आणि मराठी तोंडाला तर फारच सोपा जातो.